त्या आठवड्यात सूर्य शांत होता

१२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे सगळं पोचलं असं धर. अकरा वर्षांपूर्वीच्या तुझ्या शेवटच्या ई-मेलमध्ये तू लिहिलं होतंस, यापुढे काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, म्हणजे फाडता तरी येईल. म्हणून हा कागद. मुद्दाम जाड निवडलाय.

आपण बोललो नाही त्याला सूर्याचं एक अख्खं चक्र उलटलं. तेव्हा डाग कमी होत चालले होते. मग ते संपले, पुन्हा उगवले, शिगेला पोचले आणि आता परत उतरणीला लागलेत. मी मात्र आहे तिथेच आहे, टेकडीवरच्या सौर वेधशाळेत. सकाळी घुमट उघडायचा, दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा फळीवरच्या कागदावर पाडायची आणि छापील वर्तुळात एकेक डाग पेन्सिलने काढायचा. अठ्ठावीस वर्षं झाली. घुमटाची साखळी अजून अडकते आणि आमचे फिटर तिला तेल घालायच्या आधी शिव्या घालतात.

आई मजेत आहे. दर रविवारी तू तिला फोन करतेस तेव्हा मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालते. तुमचं बोलणं इतकं लांबतं की दोन कुंड्या त्या पाण्यानेच गेल्या. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहितेय.

पत्राचं खरं कारण कामाचं आहे. आमच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. पानं उलटताना तुझ्या त्या लेखाची आठवण झाली, मंगळावरच्या हवेच्या गळतीवरचा, जो छापला गेला नाही. त्यात तू ज्या एका आठवड्याची मोजमापं घेतली होतीस, त्याच्या नेमक्या तारखा काय होत्या? सहज विचारतेय. घाई नाही.

तुझी
बारकी

३ मार्च

ताई,

तू उत्तर लिहिलं नाहीस, पण रविवारी आईला विचारलंस की हिला आता तारखा कशाला हव्यात. आईने हातातल्या फोनवर हात ठेवून गॅलरीत मला विचारलं, मी सांगितलं नोंदवही तपासायचीय, तिने ते तुला सांगितलं आणि तू तारखा दिल्यास. दोन शास्त्रज्ञांमध्ये इतका भरवशाचा दुवा आमच्या क्षेत्रात दुसरा नसेल. फक्त तो मध्ये मध्ये स्वतःचं मत घालतो.

आता जे सापडलं ते लिहिते. अंदाजाने नाही, वही समोर घेऊन लिहितेय.

तुझं म्हणणं होतं की मंगळाची हवा रोज थोडी थोडी झिरपत नाही, ती सूर्याच्या वादळांच्या मोजक्या दिवसांत भसाभसा निघून जाते, कारण मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. पुरावा म्हणून तुझ्याकडे एक आठवडा होता, ज्यात तिथल्या यानाने गळती अनेक पटींनी वाढलेली मोजली. आणि परीक्षकाने लिहिलं, त्या आठवड्यात सूर्य शांत होता, सबब ही वाढ उपकरणाचा दोष असावी. एवढ्या एका वाक्यावर लेख परत आला.

मी वही काढली. त्या आठवड्यात आपल्याकडून दिसणारा सूर्य खरोखर शांत होता. दोन बारके डाग, तेही विरत चाललेले, वादळ उठवण्याजोगे नाहीत. पण मंगळ तेव्हा आपल्या बाजूला नव्हताच. तो सूर्याच्या पलीकडे होता. मी पुढची पानं उलटत गेले. दहाव्या दिवशी सूर्याच्या पूर्व कडेवरून डागांचा एक समूह वर आलाय, केवढा मोठा, कडा झिजलेल्या, मधले तुकडे पडलेले. नवा डाग असा दिसत नाही. हा आठवडा-दोन आठवडे पलीकडे धुमाकूळ घालून, दमून आपल्याकडे आलेला होता. दिवस मागे मोजले तर तुझ्या आठवड्यात तो बरोबर मंगळासमोर येतो.

आईला हे समजावताना मी टेबलावर चहाची किटली मधे ठेवली, एका बाजूला तिचा चष्मा म्हणजे पृथ्वी, दुसऱ्या बाजूला मिठाची डबी म्हणजे मंगळ. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे पाठ करून तो त्याच्या अंगावर ओरडत होता."

इतकं सोपं आहे ते. परीक्षकाने दहाव्या पानापर्यंत बघायला हवं होतं. पानाचा फोटो सोबत जोडलाय.

तुझी
बारकी

१५ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून डावीकडे झुकतं. दोनच ओळी आहेत, पण मी त्या बऱ्याचदा वाचल्या. पहिली, "नोंद बघितली. बरोबर आहे." दुसरी, "त्या गाढवाचा पत्ता मिळाला असता तर त्यालाही एक फोटो पाठवला असता."

पत्ता आहे माझ्याकडे. हेच लिहायला मी फेब्रुवारीपासून कागद खराब करतेय.

परीक्षक मी होते, ताई.

कसं झालं ते सांगते. त्या नियतकालिकात लेखकाचं नाव झाकून लेख तपासायला देतात. माझ्याकडे आला तेव्हा पहिलं पान मी कुणा परक्याचं समजून वाचलं. दुसऱ्या पानावर "ठोकळमानाने" हा शब्द तीनदा आला. लेखात असा शब्द वापरणारी माणसं जगात किती असतील? मी तिथेच थांबून लेख परत करायला हवा होता. तसा नियमच आहे, घरच्या माणसाचं काम तपासायचं नाही. मी केला नाही.

का, याचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे आणि ते शोभणारं नाही. त्याच्या तीन आठवडे आधीच्या परिषदेत तू व्यासपीठावरून म्हणाली होतीस की डाग मोजणं हे काम गरजेचं आहे, पण कारकुनी आहे. सभागृह हसलं. मी पाचव्या रांगेत होते, मीसुद्धा हसले, शेजारचे बघत होते म्हणून. घरी आल्यावर ते हसू उतरेना. मग तुझा लेख आला. त्यात सूर्याबद्दल एकच परिच्छेद होता, बाकी सगळा मंगळ. मला वाटलं, आता कारकून काय असतो ते दाखवते. त्या सात दिवसांची पानं बघितली, मला हवं ते मिळालं आणि वही मिटली. पुढे बघितलंच नाही. आणि दहाव्या दिवसाच्या त्या पानावर खाली सही कुणाची आहे, फोटोत नीट बघ. माझीच. तो समूह मी माझ्या हाताने काढला होता, तुझा लेख यायच्या कितीतरी आधी, आणि लेख तपासताना मला तो आठवलाही नाही.

त्या लेखामुळे यानाच्या मुख्य गटातली तुझी जागा गेली. तू घरी येऊन जेवताना सांगत होतीस आणि मी म्हटलं, परीक्षकाचं बरोबरच असेल. तू ताटावरून उठलीस. तुला वाटलं, बहीण असून हिने परक्याची बाजू घेतली. मी परक्याची घेतली नव्हती.

तारखांचं विचारलं तेही खोटं. त्या तारखा मला पाठ आहेत. तुला लिहायला काहीतरी कारण हवं होतं.

संपादकांना मी सगळं कळवलंय, तुला लिहायच्या आधी, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. आमच्या प्रमुखबाईंनाही सांगितलं. आणि काल आईला. तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "दोघींना एकाच घरात वाढवलं. मला वाटलं होतं, एक तरी शहाणी निघेल."

हे पत्र फाडलंस तरी चालेल. मात्र वाचून फाड.

बारकी

२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही आणि मी ते मागतही नाही. रविवारचे फोन चालू आहेत. हल्ली ते चार मिनिटांत संपतात, त्यावरून पत्र पोचलं हे कळलं. संपादकांचं उत्तर आलं: परीक्षकांच्या यादीतून माझं नाव कायमचं काढलंय आणि तुला लेख पुन्हा पाठवायचा असेल तर तो नव्याने तपासतील. प्रमुखबाईंनी वर्षभर माझ्या प्रत्येक नोंदीखाली त्यांची सही लागेल असं ठरवलंय. रोज सकाळी त्या माझ्या वर्तुळावर वाकून बघतात आणि मी कुणाचा चेहराच काढलाय अशा थाटात म्हणतात, "नाक बरं काढलंय." माणूस म्हणून मोठ्या आहेत.

आज लिहितेय ते वेगळ्या कारणाने, आणि हे पत्र तुला उशिराच मिळणार आहे. तरी नोंद राहावी म्हणून लिहिते.

गेल्या बुधवारी सूर्याच्या मधोमध एक डाग फुटला. शुक्रवारी त्याचे अकरा झाले. काल पश्चिम कडेशी पोचेपर्यंत तो या वर्षातला सर्वांत मोठा समूह होता. त्यात चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव असे एकमेकांत घुसलेत की मला चित्रात सीमारेषाच काढता येईना. आणि कडेआड जातानाही तो वाढत होता. दोन दिवसांनी त्याचं तोंड मंगळाकडे वळायला लागेल.

यानाचं वेळापत्रक सगळ्यांना बघता येतं, म्हणून बघितलं. तुझं उपकरण, हवा मोजणारं, ४ ते १२ एप्रिल बंद ठेवून त्यात नवा प्रोग्राम भरणार आहेत. ताई, तू अकरा वर्षं ज्या आठवड्याची वाट बघतेयस तो आठवडा तुमचं उपकरण झोपून काढणार आहे.

मी तुझ्या कचेरीत फोन केला. तुझी सहायक अगदी प्रामाणिक मुलगी आहे. म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय, तुमचा फोन आला तर त्या बाहेर गेल्यात म्हणून सांगायचं." मी विचारलं, बाहेर गेलेल्या मॅडम किती लांब आहेत? म्हणाली, समोरच्या खोलीत.

मग मी तिलाच सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या वह्यांत असे गुंतलेल्या ध्रुवांचे आणि कडेआड जाताना वाढत असलेले चौतीस समूह आहेत. त्यातले सत्तावीस पलीकडून फेरी मारून परत आले तेव्हाही जिवंत होते. म्हणजे हा समूह पुढचा आठवडा मरायचा नाही, आणि असा समूह गप्पही बसत नाही. मंगळावर तडाखा बसला तर तो सात तारखेच्या आगेमागे. उपकरण सातच्या आत जागं करा. ती मुलगी लिहून घेत होती. मध्येच तिने विचारलं, हे सगळे समूह तुम्ही स्वतः काढलेत? मी म्हटलं, तीन सोडून. त्या तीन वेळा मला ताप होता.

चौतीस पानांचे फोटो तिला ई-मेलने पाठवलेत. यात माझी काही चूक असेल असं वाटलं तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही.

बारकी

१६ एप्रिल

ताई,

काल फोनवर मी धड बोलले नाही. इकडे काय चाललं होतं हे तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

आधी तीन तारखेचं. उपकरणाबद्दलची तुमची बैठक झाल्यावर तुझ्या सहायक मुलीने मला फोन केला. तिने हे तुला विचारून केलं की न विचारता, मला माहीत नाही, तिला ओरडू नकोस. म्हणाली, यान सांभाळणाऱ्यांनी विचारलं, ठरलेलं वेळापत्रक बदलायचं तर हा अंदाज कुणाचा? तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या बहिणीचा. तिचं माझं पटत नाही. पण तिने काढलेला डाग तिथे असतोच."

ती पुढेही बरंच बोलत होती, पण ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी घुमटात जाऊन बसले. फिटर साखळीपाशी उभे होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि खाली जाऊन चहा घेऊन आले. त्यांच्याकडून हे पहिल्यांदाच.

मग काल, मंगळवारी, फोन वाजला. मंगळवारी तुझा फोन म्हणताच आई घाबरली. "काय झालं? पडलीस का कुठे?" मग ऐकत राहिली, आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुला आहे." माझे हात साबणाने भरलेले. ते मी पदराला पुसले, आईच्या पदराला, आणि फोन घेतला.

तू म्हणालीस, "एकोणीस पट."

मी म्हटलं, "काय एकोणीस पट?"

"हवा. सहा तारखेला दुपारी तडाखा बसला. एरवीपेक्षा एकोणीस पट गेली, तीस तास. सगळं मोजलंय."

"सहा? मी तर सात म्हटलं होतं."

"तू लहानपणापासून एक दिवस उशिरा असतेस. मी पाच तारखेलाच जागं करायला लावलं."

मला हसू आलं, आणि तो आवाज विचित्रच आला असणार. आई समोर चष्मा शोधत होती. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

मग तू म्हणालीस, "मी तुला माफ केलेलं नाही."

मी हो म्हटलं.

"त्याला वेळ लागेल. मला माहीत नाही किती. तोवर कामाचं बोलू."

मी त्यालाही हो म्हटलं. एवढंच म्हणता आलं. खरं तर सांगायचं होतं की हे मला पुष्कळ आहे. तू उद्या पुन्हा रागावलीस तरी पुष्कळ आहे. आणि तुझं म्हणणं बरोबर निघालं याचा मला जो आनंद झालाय तो कुठून आला ते मलाच कळत नाही. आईला मी काल दोनदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तिने मिठाची डबी उचलून आत ठेवून दिली.

तुझी
बारकी

२१ जून

ताई,

परवा तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. आई दर तासाला म्हणते, पोचली असेल. तू कालच पोचलीस हे तिला माहीत आहे.

तुझ्या मुक्कामाचे पाच दिवस बरे गेले, असं तुलाही वाटलं असावं. वेधशाळेच्या पायऱ्यांवर तू स्वतःहून तो विषय काढलास, तेव्हा मी तयारी करून ठेवलेलं सगळं विसरले. त्या जागेवाचून तुझी पाच वर्षं कशी गेली, दुसऱ्याच्या हाताखाली तेच काम मागून कसं घ्यावं लागलं, हे तू शांतपणे सांगितलंस. ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं. आणि मग मी त्या कारकुनी शब्दाचं बोलले, तर तू खरंच विचारात पडलीस आणि म्हणालीस, "मी असं म्हटल्याचं मला आठवतच नाही." मला क्षणभर पायरीवरून उडी मारावीशी वाटली. जे वाक्य मी अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपले ते तू म्हणून विसरूनही गेलीस. पण मग तू म्हणालीस, "म्हटलं असेन. मी तेव्हा फार शहाणी होते." यावर आपण दोघी ज्या हसायला लागलो, त्याचं कारण फिटरना अजून हवं आहे.

आता परवाचं, जे मला लिहून ठेवायचंच आहे.

इतकी वर्षं तू सूर्याच्या वादळांवर लिहितेस, पण घुमटात उभी राहून सूर्य बघितला होतास तो शाळेत असताना. परवा सकाळी निघायच्या आधी आलीस. मी नोंद आटपली होती. कागदावर कोरा सूर्य, एकही डाग नाही. एप्रिलमधला तो दांडगट कधीच विरला होता. मी शून्य लिहिलं, सही केली, प्रमुखबाईंची सहीही झाली.

तू म्हणालीस, "काहीच नाही तर काढायचं काय?" मी म्हटलं, दिशा, वेळ आणि शून्य. तेही काम आहे. तू फळीवर वाकलीस आणि वाकूनच राहिलीस. तुझी गाडी चुकेल म्हणून आई खालून फोन करत होती. पाऊण तासाने तू म्हणालीस, "इथे काहीतरी आहे."

पूर्वेच्या कडेला, सुईने टोचल्याएवढं. मी म्हटलं, धूळ आहे, नव्या माणसाला सगळ्या धुळीत डाग दिसतात. आणि तुला दाखवायला म्हणून कागद हळूच सरकवला. धूळ असती तर कागदाबरोबर सरकली असती. ती जागची हलली नाही. कागद सरकला आणि ठिपका सूर्यावरच राहिला.

तू माझ्याकडे बघितलंस, पण बोलली काहीच नाहीस. तुझा हा चांगुलपणा मला फार जड गेला. मी खोडरबर घेतलं. प्रमुखबाईंना खालून बोलावून आणलं, त्यांनी ठिपका बघितला, शून्याचा एक करायला परवानगी दिली आणि विचारलं, "सही कुणाची?" मी पेन्सिल तुझ्या हातात दिली. तू इतक्या जोरात दाबून काढलास तो डाग, की कागदाला मागून उठाव आलाय.

काल ढग होते. आज सकाळी बघितलं तर तुझा डाग कडेपासून आत सरकलाय आणि चांगला वाटाण्याएवढा झालाय, भोवती करडी किनार धरलीय. याच वेगाने गेला तर जुलैच्या दोन तारखेच्या सुमाराला तो इथून दिसेनासा होईल आणि तुझ्या मंगळासमोर जाईल. तिथून पुढे त्याचं काय होतं ते तू मला कळव.

तुझी
बारकी